भरल्या गाडीची चाकं

“सर, तुम्ही आत आडवे व्हा,” तात्या म्हणाले.

मी कॉलेज सुटल्यावर थेट सिकंदरभाईंच्या टायरच्या दुकानात आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, काखेत अकरावीचे अर्थशास्त्राचे पेपर होते, आणि समोर मागचं दार उघडं टाकून आमच्या मंडळाची शववाहिका उभी होती.

“मी?”

“मग कोण? पोपट गाडी चालवणार. सिकंदर खाली वाकून चाक बघणार. मी अध्यक्ष. राहिलं कोण?”

“वाळूचं पोतं टाकू की, तात्या,” सिकंदरभाई म्हणाले. “सरांना कशाला?”

“पोतं चढाला घरंगळतं. आणि मयत साधारण सरांच्याच वजनाचं असतं. लई खाल्लेलं नाही, उपाशी पण नाही.”

मंडळाच्या घटनेत सचिवाची कामं दिलेली होती. त्यात हे नव्हतं. पण ‘अध्यक्ष सांगतील ती इतर कामे’ असं शेवटचं कलम होतं, आणि घटना मीच लिहिली होती. मी पेपर पोपटकडे दिले, चपला काढल्या आणि मधल्या पत्र्याच्या ट्रेवर आडवा झालो. चपला का काढल्या ते मला आजही सांगता येणार नाही.

ही व्हॅन पूर्वी एका इंग्रजी शाळेची होती. शाळा बंद पडली, व्हॅन मंडळाने घेतली. पिवळ्यावर पांढरा रंग मारला, बाक दोन्ही कडांना सरकवले, मध्ये ट्रे बसवला. ऊन तिरपं पडलं की पांढऱ्याखालून शाळेचं नाव अजून वाचता यायचं. छताला कुणी पोरानं कर्कटकानं ‘पाचवी ब’ असं कोरलं होतं. आडवं झाल्यावर ते बरोबर डोळ्यांसमोर येतं. माझ्याआधी तिथं झोपलेल्या कुणी ते वाचलं नसणार.

पोपटने गाडी खिंडीच्या चढावर नेली, खाली आणली. सिकंदरभाई मागून कान देत चालले.

“काही लागत नाही,” ते ओरडले.

“आता भरून बघू,” तात्या म्हणाले, आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर उभी असलेली सगळी माणसं त्यांनी बोलावली. तात्या एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी हाक मारली की माणूस कप ठेवून यायचा. माणसं आत चढली, माझ्या दोन्ही बाजूंनी बाकांवर बसली, आणि बसल्याबरोबर गप्प झाली. एकाने टोपी काढली. मी डोळे उघडे ठेवून होतो, तरी.

गाडीचे जुने टायर पार गुळगुळीत झाले होते. काकूंच्या वर्षश्राद्धाला तात्यांनी जाहीर केलं होतं की चारी चाकं नवी, डिस्कसकट, माझ्याकडून. काकू म्हणजे त्यांची बायको. आमच्या गावात देणगीदाराचं नाव पाणपोईच्या तोटीवरसुद्धा घालतात, म्हणून मी विचारलं होतं, नाव कुठे टाकायचं? “चाकावर नाव कशाला?” तात्या म्हणाले होते. “फिरताना वाचता येत नाही.”

सिकंदरभाईंनी तीन प्रकार काढून ठेवले होते. पहिला साध्या लोखंडी डिस्कचा, कंपनीच्या मापाचा. दुसरा त्याच मापाचा, पण अलॉयचा, चकचकीत. हे दोन्ही भरल्या गाडीला कुठे लागले नाहीत. मला वाटलं, झालं, आता उठावं. तात्यांनी दोन्ही नापास केले.

“तो कोपऱ्यातला सेट लाव.”

“तो?” सिकंदरभाई हसले. “तात्या, तो एका हौशी माणसाचा हाय. रुंद हाय, बाहेर येतो. त्यानंच चार दिवसांत काढून टाकला.”

“लाव म्हणतो ना.”

लावला. मी एकटा आत असताना गाडी चढावर गेली आणि मुकाट परत आली. मग माणसं भरली. चढाला गाडीचा मागचा भाग बसला आणि माझ्या कानाखालून खर्रर्र आवाज सुरू झाला. जळक्या रबराचा वास आला. बाकावरच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले आणि आता मात्र माझ्याकडे संशयाने बघितलं.

“घासतंय!” सिकंदरभाई बाहेरून ओरडले. “थांबव, पोपट! चाकावरच्या कमानीला लागतंय. टायर कापला जाईल.”

“माणसं उतरवा,” तात्या म्हणाले.

माणसं उतरली. मी राहिलो. गाडी वर गेली. आवाज नाही.

“हाच,” तात्या म्हणाले.

सिकंदरभाई डोक्यावरची टोपी मागेपुढे करत राहिले. “तात्या, ऐका. चाक गाडीत बसणं वेगळं, गाडीला बसणं वेगळं. हे भरल्या गाडीला बसत नाही. मी दुकानदार असून सांगतो, घेऊ नका.”

“मयताला बसतंय ना?”

“मयताला बसतंय.”

“गाडी कुणाची आहे?”

यावर सिकंदरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शर्टाला लागलेला पत्र्याचा गंज झटकत होतो. एवढा जन्म वर्कशॉपात काढलेला माणूस म्हातारपणी चकाकीला भुलला, असा मी निष्कर्ष काढला. अर्थशास्त्रात याला ग्राहकाची पसंती म्हणतात आणि तिची कारणं विचारत नाहीत.

*

आमचं स्मशान पूर्वी नदीकाठी होतं. बाजार वाढला, भाजीवाल्यांना जागा हवी झाली, आणि स्मशान खिंडीपलीकडच्या माळावर गेलं. तिथवर खांद्यावरून न्यायचं म्हणजे नेणाऱ्यांतलेही एकदोन तिथेच राहायचे. तेव्हा तात्यांनी मंडळ काढलं, वर्गणी गोळा केली, व्हॅन आणली. गाव खूष झालं. मडकं धरणारा पुढे पोपटशेजारी बसायचा, मागच्या बाकांवर आठेक जण, बाकीचे मोटारसायकलींवरून पुढे जाऊन स्मशानाच्या कट्ट्यावर सावली धरायचे. खिंडीच्या माथ्यावर विसाव्याचा दगड आहे. पूर्वी तिथे तिरडी खाली ठेवून खांदेकरी जागा बदलायचे. आता पोपट इंजिन चालू ठेवून जरा थांबायचा, कुणीतरी खिडकीतून तांदूळ टाकायचं, की निघाले.

नव्या चाकांवरचं पहिलं मयत शिंपीआळीतल्या नामदेव मिरजकरांचं होतं. चढ लागला, आवाज सुरू झाला, वास आला. पोपट थांबला.

“उतरा मंडळी. चाक घासतंय.”

मंडळी उतरली. शिव्या अर्थातच तात्यांना. गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे आणि तिच्यामागे आम्ही. मागचे मोटारसायकलवालेही अडकले, कारण खिंडीत ओलांडायला जागा नाही. त्यांनाही उतरून गाड्या ढकलत चालावं लागलं.

माणसं चालायला लागली की बोलतात. आणि मयतामागे चालताना दुसऱ्या कशाबद्दल बोलणं बरं दिसत नाही. पहिल्या वळणापर्यंत नामदेव मिरजकरांच्या वाईट शिवणकामाबद्दल बोलणं झालं. कुणाच्या लग्नातला कोट कसा काखेत दाटला, कुणाचं कापड कसं उरलंच नाही. मग चढ उभा झाला, दम लागला, आणि वाक्यं ‘पण’ने सुरू व्हायला लागली. “पण परीक्षेच्या दिवसांत पोरांचे गणवेश रात्रीतून द्यायचे हां.” “पण माझ्या आईची शेवटची चोळी त्यांनीच शिवली, पैसे घेतले नाहीत.” विसाव्यापाशी पोचेपर्यंत दोघांनी गाडीच्या मागच्या दारावर हात ठेवला होता. गाडी ढकलायची काही गरज नव्हती.

तात्या सगळ्यांत मागे काठी टेकत चालत होते. चाकाकडे त्यांनी बघितलंही नाही.

असं वर्षभर चाललं. गावाने सवयीने शिव्या दिल्या आणि सवयीने चालायला लागलं. मग एका पतसंस्थेच्या चेअरमनचे वडील गेले. पाहुणे मोठे, पांढऱ्या बुटांतले. त्यांनाही खिंडीत उतरावं लागलं. दुसऱ्याच दिवशी उपाध्यक्ष आबा थोरवडे यांनी मीटिंग बोलावली. आबा सिमेंट आणि सळईचे व्यापारी. मनाने मऊ माणूस, पण टिकाऊ वस्तूंवर विश्वास.

“तात्या, लोक हसतात. मंडळ सोयीसाठी काढलं ना आपण?”

“मी काढलं,” तात्या म्हणाले.

“तेच म्हणतो. आणि तुमच्याच गाडीतून लोकांना उतरवतात. काकूंच्या नावाची चाकं आहेत म्हणून कुणी तोंडावर बोलत नाही. साधी चाकं टाकू, मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवू, बारा माणसं बसली तरी हलायची नाही.”

“माणसांना चालायला काय झालं?”

“अहो, चालायचं असतं तर गाडी कशाला घेतली असती?”

चहा आला, तो तात्यांनी घेतला नाही. मग म्हणाले, “बरोबर आहे तुमचं,” आणि उठून गेले. चाकं बदलायचा ठराव झाला. महिना मात्र ठरला नाही, कारण तात्या त्याच आठवड्यात अंथरुणाला खिळले आणि आजारी माणसाची देणगी काढणं कुणाला बरं वाटेना.

*

मी दुपारचा भेटायला गेलो. छातीत पाणी झालं होतं. पुढच्या खोलीत कॉटवर तीन उशा रचून त्यांना बसतं ठेवलं होतं. मूलबाळ नव्हतं. पुतण्या यायचा, डबा ठेवून जायचा.

“चाकं काढली का हो?”

“नाही अजून.”

“सर, ती गेली तेव्हा तुम्ही होतात ना?”

“होतो की. मागच्या बाकावर.”

“मी पुढं होतो. मांडीवर मडकं.” ते थांबले. बोलायला त्यांना वारा गोळा करावा लागायचा. “दारातनं उचलली, अंगण ओलांडलं, गाडीत ठेवली. तेवढंच. तेवढंच चाललो मी तिच्यासंगं. पोपटनं गिअर टाकला. खिंड आली, खिंड गेली. आरशात बघितलं तर मागं रस्त्यावर कुणी नाही. कुत्रं नाही. मडक्याचा धूर डोळ्यांत जातोय म्हणून काच खाली करायला गेलो, तर पोचलोसुद्धा.”

“आणि तिथं लाकडं रचताना सगळी मला म्हणतात, तात्या, काय सोय केलीत! तिच्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. वाईट बोललं असतं तरी चाललं असतं. तिची जीभ काय कमी नव्हती. पण वेळच नव्हता कुणाला. तो मीच वाचवून दिलेला.”

“म्हणून ती चाकं?”

“मग काय शोभेला? एसटीत भरली गाडी घासू नये म्हणून आख्खी नोकरी केली, सर. कुठलं चाक घासेल ते मला कळत नाही होय?”

“हे मीटिंगमध्ये सांगितलं असतंत तर लोक आपणहून उतरले असते.”

“सांगून उतरले तर तो उपकार. गाडी घासते म्हणून उतरले तर ते नुसतं चालणं. मला चालणं पाहिजे.” त्यांनी माझं मनगट धरलं. हात फोरमनचाच होता अजून, पान्यासारखा. “एवढं बघा. माझी गाडी त्या चाकांवर जाऊ दे. पुढं मंडळानं काय पाहिजे ते करावं. आणि कारण बोलायचं नाही कुणापाशी.”

संध्याकाळी मी आबांच्या दुकानात गेलो. कारण सांगायचं नव्हतं, म्हणून जरा आडूनच सुरुवात केली.

“आबा, तात्यांची एक इच्छा आहे. ते जातील तेव्हा गाडीला...”

“सर!” आबांनी दोन्ही हात वर केले. “तिन्हीसांजेला काय बोलता हे? तात्यांना काही होत नाही.”

“तसं नाही, पण उद्या समजा...”

“समजायचं नाहीच. अहो, माणूस अंथरुणात आहे आणि तुम्ही त्याच्या गाडीचं बोलता? शंभरी गाठणार आहेत तात्या. चहा घ्या.”

“निदान चाकं बदलू नका.”

“आता कुठे बदलतोय? त्यांच्या मनाला लागेल असं मी करीन का?” आबांचे डोळे खरंच भरून आले होते. “विषय बंद.”

आमच्या मंडळाचं काम एकच, मेलेल्या माणसांना पोचवणं. पण मंडळात मरणाचा विषय काढणं अशुभ समजत. मी आणखी एकदा प्रयत्न केला, पोपटपाशी. पोपटने गाडीच्या डॅशबोर्डवरच्या देवाला हात लावला, स्वतःच्या गालांना लावला आणि म्हणाला, “सर, सकाळी सकाळी नको.”

*

तात्या गुरुवारी पहाटे गेले. मी पोचलो तेव्हा दारात माणसं जमली होती आणि गाडी रस्त्यावर उभी होती. धुतलेली, झेंडूच्या माळा घातलेली. तिच्या चारी पायांत साधी लोखंडी चाकं होती, कंपनीच्या मापाची.

आबा गाडीच्या मागे उभे होते. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हात ग्रीसने काळे. इतक्या वर्षांत मी त्यांचे हात काळे बघितले नव्हते. सिमेंटने पांढरे बघितले होते.

“आबा, चाकं...”

“बदलली.” त्यांचा आवाज बसला होता. “फोन आला तसा सिकंदरला उठवला. पाटेसुद्धा वाढवले. पोपट, मी, पुतण्या, सगळे लागलो. जिवंतपणी त्यांच्या हट्टाला हात लावला नाही, सर, तुम्हाला शब्द दिला होता. पण आज तरी ती घरघर, तो वास नको. ज्यानं गाडी आणली त्याला गाडीनं नीट न्यायला पाहिजे. धक्का लागू द्यायचा नाही तात्यांना.”

ते रडायला लागले. हात काळे असल्यामुळे त्यांना डोळे पुसता येईनात, म्हणून मी माझा रुमाल दिला. दुसरं काय देणार? आतून पुतण्या मडकं घेऊन बाहेर आला होता. भटजी घाई करत होते.

तात्यांना उचललं, अंगण ओलांडलं, गाडीत ठेवलं. मी मागच्या बाकावर बसलो. सगळे बाक भरले होते. दार लागलं, आणि तात्यांच्या डोक्यावर ‘पाचवी ब’ आलं.

गाडी खरोखर उत्तम चालत होती. गावाबाहेर पडलो, चढ सुरू झाला. मी कान लावून बसलो होतो. काही नाही. समोर बसलेल्या एकाने शेजाऱ्याला हळूच सांगितलं, “हे पाटे टाकल्यानं फरक पडला हां.” त्यानेही मान हलवली. तेवढंच बोलणं झालं.

खिंडीच्या पायथ्याशी सिकंदरभाईंचं दुकान आलं. दुकानाच्या भिंतीला ती चार चाकं टेकवून ठेवलेली होती. धुतली होती, मागच्या दोन टायरांच्या कडा घासून पांढुरक्या झालेल्या दिसत होत्या.

“पोपट, थांबव.”

“विसाव्याला थांबतोच की, सर.”

“इथं थांबव.”

गाडी थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“गाडी लागली का, सर?” कुणीतरी विचारलं. “उमासे येतायत का? खिडकीशी बसा.”

“नाही. मी चालत येतो.”

“चालत?” पुढून आबांचा आवाज आला. “अहो, आता गरज नाही! घासत नाही आता!”

मला तोंडात उत्तर आलं होतं. पण कारण बोलायचं नाही, असं ठरलं होतं, आणि ज्याच्याशी ठरलं होतं तो समोरच होता. मी उतरलो. आणखी कोणी उतरतंय का म्हणून दार जरा धरून ठेवलं. मग लावलं. गाडी गेली. तिच्यामागून मोटारसायकली गेल्या, एकामागून एक, आणि प्रत्येकाने मला विचारलं, “बसता का, सर?”

सिकंदरभाई दुकानातून बाहेर आले.

“काय झालं? आवाज करत होती का?”

“नाही. अजिबात नाही.”

“करणारच नाही. माप बरोबर हाय.” ते जरा वेळ त्या चार चाकांकडे बघत उभे राहिले. “मी आबांना विचारलं, तात्यांना चालंल का? म्हणाले, तात्यांसाठीच तर. मग मी काय बोलणार? पण सर, त्यांना माहीत होतं ना घासणार ते? त्या दिवशी तुम्हाला झोपवून झोपवून बघितलं. घासतंय तेच पाहिजे होतं त्यांना.”

“हो.”

“का?”

“चालायला,” मी म्हणालो. एवढं कारण मी कारणात धरत नाही.

सिकंदरभाईंनी पाना खाली ठेवला, चिंध्यांनी हात पुसले, शटर अर्धं ओढलं आणि माझ्याबरोबर निघाले. रस्ता मोकळा होता. पुढे गाडी नव्हती, हात ठेवायला दार नव्हतं. गाडीचा आवाज वळणाआड गेला आणि पुढे खिंडीतून परत ऐकू आला, अगदी थोडा. विसाव्याला ती थांबली की नाही ते कळलं नाही. बहुतेक थांबलीच असणार, पोपट नियमाचा माणूस.

“किरकिरा माणूस,” सिकंदरभाई म्हणाले. “एक नट आवळायचा तर तीनदा तपासणार.”

“मला पत्र्यावर झोपवलं,” मी म्हणालो. “तो शर्ट परत घालता आला नाही.”

“आणि चहा कधी पाजला? माझ्या दुकानात यायचे, माझाच प्यायचे, वर म्हणायचे साखर जास्त हाय.”

“मीटिंगमध्ये कुणाचं ऐकायचे नाहीत.”

“बायकोचं पण नाही ऐकायचे.”

“ती पण त्यांचं ऐकायची नाही.”

असं वळणापर्यंत. वळणावरून माथ्यापलीकडे धूर दिसायला लागला होता; लाकडं आधीच रचून ठेवली असणार. आमच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं, आणि थांबायचं त्यांना कारणही नव्हतं. थोड्याच वेळात गाडी परत येताना दिसली. उतारावरून मऊ, बिनआवाजाची. आमच्यापाशी पोपटने ब्रेक लावला. आबांनी खिडकीतून डोकं काढलं, डोळे सुजलेले.

“बघितलंत सर? जरासुद्धा धक्का नाही. पाणी ठेवलं असतं तर सांडलं नसतं.”

“नाही सांडलं,” मी म्हणालो.

“चला, बसा. मागं जागा आहे आता.”

मी मानेनेच नाही म्हटलं. गाडी गेली. पुढे चढ उभा होता. आम्ही चालायला लागलो. सिकंदरभाईंना दम लागत होता, मलाही. मग विसाव्याच्या दगडाच्या थोडं अलीकडे ते थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, “पण सर...”

मी थांबलो. घाई कुणाला नव्हती.